झाकण ठेवलं की भांडायचं

आमच्या नाहिनू घराण्याचं संमेलन दर पाच वर्षांनी भरतं, आणि दर वेळी मी ठरवते की पुढच्या खेपेला आपल्याला ऐन वेळी एखादं दुखणं निघायला हवं. या वेळी दोनशे बारा माणसं होती. त्यातली साठेक इथली, हवाईतल्या आमच्या मोलोकाई बेटाची, म्हणजे रोज तोंड बघून कंटाळा आलेली. बाकीची शेजारच्या ओआहू बेटावरून, कॅलिफोर्नियातून आणि सगळ्यात जास्त लास वेगासहून. बेटावरची निम्मी माणसं उठून त्या वाळवंटात का राहायला गेली, ते मला विचारू नका. तिथे घरं स्वस्त पडतात म्हणे. समुद्र नाही, मासळी नाही, अळू नाही, पण घर मोठं.

संमेलनाला शर्ट असतात. आमचा मूळपुरुष सोलोमोना नाहिनू, त्याला सात मुलं. प्रत्येकाच्या शाखेला एक रंग. थोरल्या मुलाची लाल, दुसऱ्या मुलीची पिवळी, तिसऱ्या मुलाची निळी, असं सातापर्यंत. सुना आणि जावई ज्या घरात पडले त्या घराचा रंग घालतात. फायदा असा की कोण कुणाचं ते लांबून कळतं, आणि तरण्या पोरांना कुणाकडे बघून हसायचं नाही तेही कळतं. मी पिवळी. सोलोमोनाची दुसरी मुलगी ती माझी आजी, माझ्या आईची आई. तिला सगळा गाव तूतूच, म्हणजे आजीच, म्हणायचा.

या खेपेचे शर्ट वेंडेलनं छापून आणले. वेंडेल निळ्या शाखेचा, वेगासवाला, निवृत्त. चार वर्षं खपून त्यानं चर्चच्या आणि सरकारी दप्तरांतून सगळ्या घराण्याची वंशावळ जमवली होती. माणूस वाईट नाही. पण वाळवंटात एकटा बसून नातेवाइकांची नावं लिहायला लागलं की डोक्यावर परिणाम होतो. त्याला वाटायला लागलं, घराणं त्याच्या कागदावर आहे आणि आम्ही त्याची नक्कल आहोत.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. माझं माकूळ शिजत होतं. म्हणाला, "मोआनी, बोनी आपल्या रक्ताचा आहे का गं?"

मी म्हटलं, "नाही."

तो थँक यू म्हणाला, मी फोन ठेवला, माकूळ ढवळलं. एवढंच. आता खोटं कशाला बोलू, तो 'नाही' म्हणताना मला जरा बरं वाटलं होतं. का, ते सांगायचं तर बोनीची गोष्ट सांगायला हवी.

आमच्यात पहिली मुलगी आईच्या आईची आणि पहिला मुलगा बापाच्या आईबापाचा. जन्मलं की त्यांच्या मांडीवर द्यायचं, त्यांनी वाढवायचं. त्यात कुणी कुणाला टाकलं असं नसतं, खऱ्या आईचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, येणंजाणं चालू असतं. त्या हिशेबानं मी तूतूची. पण माझी आई होनोलूलूला कारखान्यात काम करून आलेली, शहराचं वारं लागलेली. तिनं मला दिलं नाही. म्हणाली, माझी मी वाढवीन. तूतू आठ महिने तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस ती रस्ता ओलांडून समोरच्या फिलिपिनो घरात गेली. त्या घरचा नवरा अननसाच्या मळ्यात कामाला, पदरी सहा पोरं आणि बायकोला सातवा महिना. तूतूनं तिच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, हे माझं. पोटातलं मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. ती बाई हसली, मग रडली, मग म्हणाली, घ्या. तेच ते बोनिफासिओ. दर रविवारी त्याची आई यायची, त्याचे गाल ओढायची आणि परत जायची.

म्हणजे माझी जागा होती तिथे बोनी बसला. मी शेजारच्या घरात आईच्या शिस्तीत वाढले, आणि भिंतीपलीकडे तूतू त्याला घास भरवायची ते ऐकत राहिले. अळवाची खाचरं त्यानंच राखली, पाण्याचे पाट त्यानंच उपसले, उकडलेल्या अळूच्या कांद्यांची पोई कुटायला काठवटीपाशी पहाटे तोच बसला. म्हातारपणी तूतूचं सगळं त्यानंच केलं. आणि जाताना तिनं पोईचा वाडगा त्याला दिला.

तो वाडगा म्हणजे कोऊच्या लाकडाचा, दोन्ही हातांत मावणार नाही एवढा, चार ठिकाणी तडे गेलेला आणि पाचरी ठोकून सांधलेला. सोलोमोनाच्या आधीपासूनचा. वाडग्याचा नियम आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. झाकण काढून पोई उघडी ठेवली की घरात वाद बंद. भांडण नाही, टोमणा नाही, कुणाची उणीदुणी नाही. आमच्या जुन्या कथांत अळू हा सगळ्या माणसांचा थोरला भाऊ, तो समोर बसलेला असताना तोंड सांभाळायचं. झाकण ठेवलं की मोकळे.

तूतू हा नियम सोयीनं वापरायची. पाद्री उपदेश करायला येताना दिसला की झाकण काढायची. पण बोनीनं कहर केला. घरात कुणाचा आवाज जरा चढला की हा धावत जाऊन झाकण काढणार. माझं लग्न झाल्यावरही तेच. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, क्लेटनचं, भांडण जरा रंगात आलं की बोनी वाडगा घेऊन दारात उभा, झाकण काखेत. माझी कितीतरी चांगली भांडणं त्यानं अशी अर्धवट ठेवली.

तर संमेलनाचा दिवस. खाडीकाठच्या मैदानात तंबू, टेबलं, पोरांचा गोंधळ. बोनीनं आदल्या दिवशीच खड्डा खणला होता, पहाटे दगड तापवून डुक्कर आत घातलं होतं, वर केळीची पानं आणि माती. सकाळी नऊला तो काळाठिक्कर होऊन शर्टांच्या रांगेत उभा राहिला. टेबलामागे वेंडेल, नाकावर चष्मा, समोर यादी. मी बोनीच्या मागे.

वेंडेलनं यादीवर बोट फिरवलं आणि त्याच्या हातात पांढरा शर्ट ठेवला. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पाहुणा' छापलेलं. असे चौदा शर्ट होते. पाद्रीला एक, फोटोग्राफरला एक, फिरते संडास घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला एक. त्यातलाच एक हा.

बोनीनं शर्ट उलटा करून वाचला, सुलटा करून बघितला. "माप बरोबर आहे," एवढं म्हणाला. तिथेच घातला आणि खड्ड्याकडे गेला. दुपारपर्यंत तो आणि संडासवाला एकाच गणवेशात डुकरावरची माती ओढत होते. संडासवाल्याला फार आवडला तो. मला विचारलं, हे काका कुठून आलेत?

माझा संताप संताप झाला. वेंडेलवरच झाला, दुसऱ्या कुणावर करायची हिंमत नव्हती. पिवळा शर्ट अंगाला चिकटत होता. मनाशी म्हटलं, मी रक्ताचं 'नाही' म्हटलं, शर्टाचं कुठे म्हटलं? पण ते मनाशीसुद्धा पटेना.

जेवणाची वेळ झाली. डुक्कर निघालं, पानांतले गठ्ठे निघाले, मॅकरोनीची पातेली आली, सगळ्या रंगांची माणसं टेबलांभोवती उभी राहिली. पाद्रीनं प्रार्थना केली. सात शाखांच्या सात मुलांची नावं, त्यांच्या मुलांची नावं, आणि शेवटी पावसासाठी काहीतरी. मधल्या टेबलावर तूतूचा वाडगा. आमच्यात तो उघडल्याशिवाय कुणी घास घेत नाही, आणि तो बोनी उघडतो. तो पुढे आला, पाठीवर 'पाहुणा', आणि झाकणाला हात घातला.

मी पलीकडून दोन्ही पंजे झाकणावर दाबून ठेवले.

"मोआनी, हात काढ," बोनी हळू म्हणाला. "लोक उपाशी आहेत."

"झाकण आहे तोवर मला बोलायचंय."

सगळ्यांना कळलं की आता काहीतरी बघायला मिळणार. पोरं पुढे सरकली.

मी विचारलं, "वेंडेल, ज्यानं डुक्कर भाजलं, पोई कुटली, तूतूला शेवटची सहा वर्षं उचलून संडासला नेलं, तो पाहुणा कसा रे?"

वेंडेल गोंधळला, पण त्याच्याकडे कागद होता. "मी मनानं काहीच लिहिलेलं नाही, मोआनी. दप्तरात जे आहे ते आहे. जिथे शंका होती तिथे घरच्यांना विचारलं. बोनीबद्दल तुलाच फोन केला होता. तूच नाही म्हणालीस."

दोनशे बारा माणसांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं काही नाही. बोनीनं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी निभावून नेलं असतं. पण तो फक्त बघत राहिला, जसं आपण पाटाचं पाणी अचानक थांबलं की बघतो.

कोंडीत सापडलं की माझं तोंड सुटतं. माझ्याकडे एक हत्यार होतं आणि ते मी उचललं. आमच्या बेटाच्या उत्तरेला मोठा कडा आहे आणि कड्याखाली कुष्ठरोग्यांची वस्ती होती. सरकार माणसांना घरांतून उचलून तिथे नेऊन टाकायचं, आणि तिथे जन्मलेली पोरं आयांच्या कुशीतून काढून वर पाठवायचं. पुष्कळ लोक त्या पोरांना हात लावायला भ्यायचे. सोलोमोना नाहिनूनं एक पोर घरी आणलं, तिसरा मुलगा म्हणून वाढवलं, चर्चच्या वहीत बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. तो एझरा. निळ्या शाखेचा मूळपुरुष. वेंडेलचा आजोबा. घरातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी ते घरात कधी लपवलं नाही आणि चारचौघांत कधी बोललेही नाहीत, कारण बोलायचं काही कारण नव्हतं. रक्तानं मोजायचं तर निळे सगळे पाहुणे. एकूण एकतीस. वेंडेल पहिला.

"रक्त हवंय ना तुला?" मी म्हटलं. "मग तुझ्या आजोबांचं..."

आणि बोनीनं झाकण उचललं. माझ्या हातांसकट. मोठा दणकट माणूस आहे तो, मला काही करता आलं नाही. पोई उघडी पडली, करडी, थंड, आंबूस वासाची. माझं तोंड अर्धं उघडं होतं. ते मला मिटावं लागलं.

बोनीला एझराचं ठाऊक होतं. त्याला तूतूनंच सांगितलं होतं. माझं पुढचं वाक्य त्याला माझ्याआधी कळलं. वेंडेलला पांढरा शर्ट घालायची वेळ येऊ नये म्हणून त्यानं वाडगा उघडला, आणि स्वतःच्या अंगावरचा तसाच ठेवला. मला रडू आलं आणि त्याची चीडही आली.

मग निळ्यांच्या टेबलाकडून चाकाच्या खुर्चीचा कुरकुर आवाज आला. आंटी केझिया. एझराची मुलगी, वेंडेलची आई, वय अठ्ठ्याऐंशी. तिनं स्वतःच चाकं ढकलत खुर्ची बोनीसमोर आणली.

"बोनी, तो शर्ट काढ," ती म्हणाली. "मला दे."

बोनीनं काढला. आंटीचं बोलणं आमच्यात टाळत नाहीत. तिनं मग स्वतःचा निळा शर्ट डोक्यावरून काढला, सगळ्यांदेखत, आणि काचोळीवर बसून पांढरा कुठून घालायचा ते शोधायला लागली. पाद्रीनं आभाळाकडे बघितलं.

"मामा, काय करतेस?" वेंडेल धावत आला. "लोक बघतायत."

"बघू देत. बघण्यासारखं काही उरलेलं नाही." तिचं डोकं शर्टातून बाहेर आलं. "हात घाल जरा बाहीत माझा."

"हा पाहुण्यांचा आहे, मामा."

"मला वाचता येतं. तुझे आजोबा असते तर तू हाच दिला असतास त्यांना. ते नाहीत म्हणून मी घालते." तिनं निळा शर्ट बोनीच्या हातात कोंबला. "बाकीचं जेवल्यावर सांगेन. पोई उघडी आहे, आता वाद नको."

आणि तिनं दोन बोटं वाडग्यात बुडवून चाटली. मग सगळे जेवले. इतकं शांत संमेलन मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पोरंसुद्धा मान खाली घालून चावत होती.

जेवणानंतर आंटी केझियानं वेंडेलला नीरफणसाच्या झाडाखाली नेलं. अर्धा तास ती बोलत होती आणि तो उकिडवा बसून ऐकत होता. आम्ही लांबून बघत होतो. एकदा त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. एकदा आंटीनं त्याच्या टकलावर चापट मारली.

मग फोटो. शाखेशाखेचे निराळे. निळ्यांची पाळी आली तेव्हा बोनी आंटीच्या शर्टात उभा राहिला. तो त्याच्या बेंबीच्या वर चार बोटं थांबला होता आणि खालून सगळं पोट मोकळं. मधोमध खुर्चीत आंटी, पांढऱ्यात. फोटोग्राफर शिस्तीचा माणूस, त्यानं विचारलं, पाहुण्यांना जरा बाजूला घेऊ का? वेंडेल आईच्या मागे उभा होता, यादीची सुरळी करून हातात धरलेली.

"नको," तो म्हणाला. बस, तेवढंच म्हणाला.

चारच्या सुमाराला मी बोनीकडे गेले. तो ओसरीवर बसून वाडग्याचे काठ बोटानं निपटत होता. शर्ट काढून खुंटीला टांगलेला. आत तळाशी मूठभर पोई उरली होती. मी समोर बसले. काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवलं होतं, ते सगळं पळालं.

"बोनी, मी तेव्हा फोनवर..."

"थांब," तो म्हणाला. बोट चाटलं, झाकण घेतलं आणि वाडग्यावर ठेवलं. नीट दाबून बसवलं. मी त्याला हे करताना कधीच बघितलं नव्हतं. काढताना हजारदा बघितलं होतं. "हं. आता बोल."

"मला भांडायचं नाहीये. माफी मागायला आलेय."

"माफी मग माग. आधी भांड." त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "लहानपणी आवाज चढला की मला वाटायचं, आता मला परत पाठवतील. रस्त्यापलीकडेच तर होतं ते घर. म्हणून मी झाकण काढायचो. मग सवय लागली. पासष्ट वर्षांचा झालो, मोआनी, अजून माझं कुणाशी एकदाही भांडण झालेलं नाही. मग शर्टावर ते छापलेलं बघितलं आणि वाटलं, चुकीचं तरी काय आहे?"

मग जे साठ वर्षं आत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"तू माझी तूतू घेतलीस."

"तुझ्या आईनं दिलं नाही तुला. त्यात माझा काय दोष?"

"तो वाडगा माझा होता."

"तू एकदा तरी पोई कुटलीस का? पाठ दुखते म्हणून पळायचीस."

"माझी पाठ खरंच दुखायची."

"नाचताना बरी नव्हती दुखत." त्याचा आवाज चढला. बोनीचा आवाज. मी दचकलेच. "आणि तू नाही म्हणालीस. एक शब्द, आणि वर माकूळ ढवळत बसलीस. त्याला सांगता नाही आलं तुला, मग मी कोण ते?"

"सांगता आलं असतं," मी ओरडले. "सांगायचं नव्हतं मला. बरं वाटलं मला. ऐक, बरं वाटलं."

"माहीत आहे मला. तुझं थोबाड जन्मापासून बघतोय."

मग जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. तूतूच्या रजईपासून निघालं, त्यानं माझ्या लग्नात जास्त खाल्लेल्या खेकड्यांवर आलं, माझ्या आईवर गेलं, त्याच्या दोन्ही आयांवर गेलं. तो रडला, मी रडले, कुणीही थांबलं नाही. कोंबड्या घाबरून खाचराच्या बांधावर जाऊन बसल्या. आवाज ऐकून रस्त्यापलीकडून त्याच्या थोरल्या भावाची सून डोकावली आणि बघून परत गेली.

मग क्लेटन धापा टाकत आला. आम्हा दोघांकडे बघितलं, घाबरला, आणि कुणीतरी हे करायलाच हवं म्हणून वाडग्याच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," आम्ही दोघं एकदम म्हणालो.